मतदारयादी आणि मतांची मोजदाद

ठाण्याहून भिवंडीकडे जाणाऱ्या जुन्या आग्रा रस्त्यावर कापूरबावडी मागे टाकली की बाळकुमचा नाका लागतो, आणि तेथून थोडे पुढे जाऊन खाडीवरचा पूल ओलांडला की कशेळी व काल्हेर ही भिवंडी तालुक्यातील गावे सुरू होतात. दोन्ही तीरांवर आगरी-कोळ्यांची जुनी वस्ती आहे, दोन्हीकडे एकमेकांच्या सोयरिकी आहेत, आणि दोन्हीकडे भातखाचरांच्या जागी गोदामे, कारखाने व मनोरे उभे राहिले आहेत. तरीही २० मे २०२४ रोजी, एकाच दिवशी, लोकसभेसाठी मतदान करताना बाळकुमच्या मतदाराचे मत ठाणे मतदारसंघाच्या हिशेबात जमा झाले आणि काल्हेरच्या मतदाराचे भिवंडीच्या. ४ जूनला मोजणी झाली तेव्हा अलीकडच्या तीरावर शिवसेनेचे नरेश म्हस्के दोन लाख सतरा हजारांच्या मताधिक्याने विजयी झाले, तर पलीकडच्या तीरावर केंद्रात राज्यमंत्री असलेल्या कपिल पाटील यांचा राष्ट्रवादी काँग्रेसच्या शरद पवार गटाचे सुरेश म्हात्रे यांनी सहासष्ट हजार मतांनी पराभव केला. एका पुलाच्या दोन टोकांना राहणाऱ्या, एकाच बाजारात जाणाऱ्या माणसांच्या मतांतून असे दोन परस्परविरुद्ध निकाल कसे निष्पन्न होतात, हा प्रश्न ज्याला पडेल त्याने उमेदवारांच्या भाषणांकडे वळण्यापूर्वी एका रुक्ष दिसणाऱ्या दप्तराकडे वळावे. ते दप्तर म्हणजे मतदारयादी.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत महाराष्ट्राचा रंगीत नकाशा छापून येतो आणि जिल्ह्याजिल्ह्यावर पक्षांचे रंग भरलेले पाहून आपण राज्याचा कौल समजला असे मानतो. परंतु नकाशावर रंग भरला जातो तो जमिनीवर, आणि मत देतो तो माणूस. गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ चौदा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक असून तेथून विधानसभेवर तीन सदस्य निवडून जातात. ठाणे जिल्ह्याचे क्षेत्रफळ त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी असून येथून अठरा सदस्य जातात. आणि मुंबई शहर जिल्हा, जो नकाशावर टाचणीच्या डोक्याएवढाच दिसतो, तो दहा सदस्य पाठवतो. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या वेळी पुणे जिल्ह्याच्या यादीत सुमारे अठ्ठ्याऐंशी लाख, ठाणे जिल्ह्याच्या यादीत सुमारे बहात्तर लाख, तर सिंधुदुर्गाच्या यादीत पावणेसात लाखांच्या आसपास मतदार होते. अशा विषम संख्यांवर सारख्याच गडद रंगाचे पट्टे ओढले की दृष्टी फसते, आणि ज्या ठिकाणी राज्याचा कौल खरोखर ठरतो ती दाट वस्तीची ठिकाणे नकाशाच्या कोपऱ्यात लुप्त होतात.

ज्या यादीविषयी हा सारा विचार करावयाचा, तिचा जन्म आपल्या प्रजासत्ताकाबरोबरच झाला. इंग्रजी अमदानीत १९३५ च्या कायद्यानुसार जी मते पडत ती मालमत्ता, करभरणा किंवा शिक्षण यांच्या अटी पुऱ्या करणाऱ्यांची असत, आणि त्या मतदारांची विभागणीही धर्मानुसार केलेली असे. संविधानाच्या ३२५ व्या अनुच्छेदाने प्रत्येक मतदारसंघासाठी एकच सर्वसाधारण यादी ठरवली व धर्म, वंश, जात किंवा लिंग यांच्या कारणास्तव कोणालाही तीतून वगळता येणार नाही असे घोषित केले. ३२६ व्या अनुच्छेदाने प्रौढ मताधिकार दिला. या दोन अनुच्छेदांचा उच्चार आज सहज होतो, परंतु ज्या देशात बहुसंख्य लोकांना अक्षरओळख नव्हती तेथे घरोघर जाऊन सतरा कोटींहून अधिक माणसांची नावे लिहून काढणे हे केवढे प्रचंड कार्य होते याची कल्पना करणेही कठीण आहे. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या देखरेखीखाली ते पार पडले. त्या वेळी, मुख्यत्वे उत्तरेकडील प्रांतांत, असंख्य स्त्रियांनी परक्या कारकुनाला स्वतःचे नाव सांगण्यास नकार दिला आणि अमक्याची आई किंवा तमक्याची पत्नी एवढीच ओळख नोंदवली. अशा नोंदी ग्राह्य धरता येईनात, म्हणून सुमारे अठ्ठावीस लाख स्त्रियांची नावे यादीतून गाळावी लागली. ज्यांचे नाव यादीत राहिले नाही त्यांच्यासाठी संविधानाने दिलेला अधिकार त्या निवडणुकीपुरता केवळ कागदावर राहिला. अधिकार संविधान देते आणि तो बजावता येतो यादीमुळे, हे सत्य तेव्हापासून आजतागायत तसेच आहे.

कायद्याची भाषा या बाबतीत अत्यंत स्पष्ट आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ६२ व्या कलमाप्रमाणे ज्याचे नाव मतदारसंघाच्या यादीत नाही त्याला तेथे मत देता येत नाही. मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांच्या कारकिर्दीत, १९९३ पासून, छायाचित्र असलेले ओळखपत्र आले, आणि तेव्हापासून अनेक सुशिक्षित माणसांचाही असा समज झाला आहे की खिशात ओळखपत्र असले म्हणजे मत असलेच. वस्तुतः ओळखपत्र हा केवळ ओळख पटवण्याचा पुरावा होय. ते हरवले तर आधारपत्र, पारपत्र, वाहन चालवण्याचा परवाना अशा अन्य कागदांवर काम भागते, परंतु यादीतले नाव गेले तर कोणताही कागद उपयोगी पडत नाही. बाळकुमच्या जुन्या गावकऱ्याला हे समजावून सांगताना सातबाऱ्याचा दाखला पुरेसा होतो: जमीन वाडवडिलांची असली, नांगर पिढ्यान्‌पिढ्या आपलाच फिरत असला, तरी तलाठ्याच्या दप्तरात फेरफार नोंदला गेला नाही तर कचेरीच्या दृष्टीने ती जमीन आपली नसते, आणि म्हणूनच शहाणा शेतकरी वर्षातून एकदा तरी आपला उतारा काढून पाहतो.

आता हे दप्तर ज्या भूमीवर ठेवावयाचे ती भूमीच ठाण्यात किती झपाट्याने बदलली ते पाहिले पाहिजे. २००४ पर्यंत अविभक्त ठाणे जिल्ह्यातून विधानसभेवर तेरा सदस्य निवडून जात. डहाणू-जव्हारपासून बेलापूरपर्यंतचा सारा मुलूख त्या तेरांत सामावलेला असे. ठाणे लोकसभा मतदारसंघ, जेथून रामभाऊ म्हाळगी, राम कापसे आणि प्रकाश परांजपे यांनी प्रतिनिधित्व केले, तो तर देशातील सर्वांत अवाढव्य मतदारसंघांपैकी एक होता. रामभाऊ म्हाळगी आपल्या कामाचा वार्षिक अहवाल मतदारांना सादर करीत, ही गोष्ट ठाणेकर आजही आदराने सांगतात. परंतु एवढ्या अफाट मतदारसंघात तो अहवाल घरोघर पोहोचवणे किती दुष्कर असेल याचाही विचार त्याबरोबर व्हावयास हवा. २००१ च्या जनगणनेवर आधारलेली मतदारसंघांची पुनर्रचना २००८ मध्ये अमलात आली, तेव्हा ठाणे जिल्ह्याच्या तेरा जागांच्या चोवीस जागा झाल्या. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या एक कोटी दहा लाखांहून अधिक भरली, आणि तो देशातील सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होऊन सहा जागा तिकडे गेल्या व ठाण्याकडे अठरा उरल्या. ठाणे शहर एकटेच ओवळा-माजिवडा, कोपरी-पाचपाखाडी, ठाणे आणि मुंब्रा-कळवा अशा चार मतदारसंघांत वाटले गेले. कल्याण-डोंबिवलीच्या परिसरात कल्याण पश्चिम, कल्याण पूर्व, डोंबिवली आणि कल्याण ग्रामीण असे चार झाले, आणि त्यांपैकी कल्याण पश्चिम लोकसभेसाठी भिवंडीला जोडला गेला, उरलेले तीन कल्याणला. एकाच शहराच्या रेल्वेरुळांच्या दोन बाजूंना दोन खासदार असावेत ही व्यवस्था रहिवाशाला चमत्कारिक वाटते, परंतु संख्येचा समतोल साधण्यासाठी आखलेल्या रेषा माणसांच्या येण्याजाण्याच्या वाटा पाहून आखलेल्या नसतात.

आणि तो समतोलही टिकत नाही, कारण रेषा स्थिर राहतात आणि माणसे हलतात. २००८ नंतर घोडबंदर रस्त्याच्या दोन्ही अंगांना, कोलशेत-बाळकुमच्या पट्ट्यातल्या बंद पडलेल्या कारखान्यांच्या आवारांत आणि कल्याण-शीळ रस्त्याच्या कडेने जी नवी नगरे वसली, त्यांच्यामुळे ओवळा-माजिवड्याची यादी २०२४ मध्ये पाच लाखांच्या पुढे गेली. पुण्याजवळच्या चिंचवडात ती साडेसहा लाखांवर होती. आणि मुंबईतील वडाळ्यात मात्र ती दोन लाखांच्या आसपासच राहिली. तीनही ठिकाणांहून आमदार एकेकच जातो. म्हणजे चिंचवडच्या तीन मतदारांचे जेवढे वजन, तेवढे वडाळ्याच्या एका मतदाराचे. हा अन्याय कोणी हेतुपुरस्सर केलेला नाही. मतदारसंघांची नवी आखणी पुढल्या जनगणनेनंतर व्हावयाची आहे, आणि तोवर वाढत्या उपनगरांतील मतदाराला हा तोटा सोसणे प्राप्त आहे. परंतु जिल्ह्यांचे निकाल एकमेकांशेजारी मांडून वाचणाऱ्याने हा फरक मनात बाळगला पाहिजे.

बाळकुमसारख्या ठिकाणी यादी ठेवणे का कठीण असते, हे मला सविस्तर सांगावेसे वाटते, कारण राज्याच्या यादीतील बहुतेक दोषांची मुळे अशाच वस्त्यांत सापडतात. येथे एका हाकेच्या अंतरावर दोन जगे नांदतात. गावठाणात घरे एकमेकांना चिकटलेली, गल्ल्यांना नावे नाहीत, घरांना अनुक्रमाने लावलेले क्रमांक नाहीत. त्यामुळे यादीतील घरक्रमांकाच्या रकान्यात कधी शून्य, तर कधी नुसती रेघ दिसते. येथे एकाच आडनावाची शेकडो माणसे असतात आणि आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची चाल असल्यामुळे नाव, वडिलांचे नाव व आडनाव ही तिन्ही सारखी असलेले दोन इसम एकाच पानावर आढळू शकतात. त्यांतला एक दुबार समजून कमी केला गेला तर दोष कोणाचा? त्याच्याच पलीकडे तीस-तीस मजल्यांचे मनोरे आहेत, जेथे घरक्रमांक चोख आहे पण माणूस टिकत नाही. भाड्याचा करार अकरा महिन्यांचा; तो संपला की बिऱ्हाड ढोकाळीला, तेथून कळव्याला, नाही तर थेट डोंबिवलीला जाते. नाव मात्र जुन्याच पत्त्यावर राहते. केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे बहुधा एखाद्या शाळेतील शिक्षक, अंगणवाडीच्या सेविका किंवा पालिकेचे कर्मचारी, आपली नित्याची नोकरी सांभाळून पडताळणीसाठी येतात, तेव्हा संकुलाच्या दारावरचा पहारेकरी त्यांना आत सोडण्यापूर्वी दहा प्रश्न विचारतो, आणि आत गेल्यावर निम्म्या घरांची दारे बंद असतात, कारण नवराबायको दोघेही सकाळच्या गाडीने कामाला गेलेले असतात. ज्या व्यक्तीच्या श्रमांवर सारी लोकशाही उभी आहे तिला दारातून परत पाठवणारा समाज यादीतील चुकांबद्दल कोणत्या तोंडाने तक्रार करणार?

याच प्रश्नाची दुसरी बाजू चाकरमान्यांची आहे. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या कुटुंबांचे मन दोन ठिकाणी असते: पोट ठाण्याला आणि देव गावाला. रत्नागिरी जिल्ह्याच्या यादीत पुरुषांपेक्षा स्त्रियांची संख्या अधिक असते, ती या स्थलांतराचीच खूण होय. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला भावकीने बोलावले म्हणजे जावे लागते, म्हणून गावचे नाव ठेवायचे. आणि रहिवासाचा पुरावा म्हणून उपयोगी पडते या समजुतीने शहरातही नाव लावायचे, असे पुष्कळजण निरागसपणे करतात. कायदा मात्र याला मुभा देत नाही. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १७ व्या कलमाने एकाहून अधिक मतदारसंघांत आणि १८ व्या कलमाने एकाच मतदारसंघात एकाहून अधिक वेळा नाव नोंदवण्यास मनाई केली आहे, आणि अर्जात खोटे निवेदन करणाऱ्यास ३१ व्या कलमान्वये एक वर्षापर्यंत कारावासाची शिक्षा सांगितली आहे. नाव कोठे असावे, याचे उत्तरही कायद्याने दिले आहे: माणूस सामान्यतः जेथे राहतो तेथे. गावी वडिलोपार्जित घर आहे, एवढ्यावरून तो तेथील रहिवासी ठरत नाही, हे त्याच कायद्याच्या २० व्या कलमात स्पष्ट नमूद आहे. भावनेला हे कठोर वाटते, हे मी जाणतो. पण ज्या पालिकेचे पाणी आपण पितो आणि ज्या रस्त्यांच्या खड्ड्यांतून आपण रोज जातो, तेथील कारभार कोणी करावा हे ठरवण्याचे कर्तव्य टाळून गावच्या भावकीशी निष्ठा राखण्यात नागरिकत्वाची परिपूर्ती आहे असे मला वाटत नाही.

एवढे पाहिल्यावर मतदानाच्या टक्केवारीचा अर्थ निराळा लागतो. २०२४ च्या विधानसभेला राज्यात सुमारे ६६ टक्के मतदान झाले; कोल्हापूर जिल्हा ७६ टक्क्यांच्या पुढे गेला, आणि त्यातील करवीर मतदारसंघाने ८५ टक्क्यांच्या जवळपास मजल मारली; ठाणे जिल्हा मात्र ५६-५७ टक्क्यांच्या घरात राहिला आणि मुंबईतील कुलाबा ४४-४५ टक्क्यांत अडकला. कल्याण लोकसभा मतदारसंघात २०१४ मध्ये सुमारे ४३, २०१९ मध्ये ४५ आणि २०२४ मध्ये ५० टक्के मतदान झाले. हे आकडे जाहीर होताच डोंबिवलीकर, ठाणेकर उदासीन आहेत, सुट्टी मिळाली की लोणावळ्याला निघून जातात, असा ठपका ठेवला जातो. त्यात तथ्यांश आहेच. परंतु टक्केवारी हा भागाकार आहे आणि भागाकारात भाजक चुकला तर उत्तरही चुकते. समजा, एका केंद्राच्या यादीत बाराशे नावे आहेत, त्यांपैकी दोनशे मृतांची, स्थलांतरितांची किंवा दुबार आहेत, आणि सहाशे जणांनी मतदान केले. कागदावर ते पन्नास टक्के भरेल. प्रत्यक्ष राहणाऱ्या माणसांच्या हिशेबाने ते साठ टक्के झाले. करवीरच्या खेड्यात माणूस मेला तर बारावे होण्याआधी सर्वांना ठाऊक होते आणि यादी बरीचशी खरी राहते. कोलशेतच्या मनोऱ्यात शेजारचे बिऱ्हाड कधी बदलले हेही कळत नाही. म्हणून कोल्हापूर आणि ठाणे यांच्या टक्केवारीतील सगळे अंतर नागरिकांच्या आस्थेचे आहे असे मानणे शास्त्रशुद्ध होणार नाही. याउलट, २०२४ च्या मे महिन्यात कल्याण-डोंबिवलीत अनेकांना केंद्रावर गेल्यावर आपले नाव नसल्याचे कळले आणि त्याविषयी वृत्तपत्रांतून पुष्कळ लिहून आले. ती माणसे तर टक्केवारीच्या कोणत्याच रकान्यात येत नाहीत.

अमेरिकेत मतदारनोंदणीची व्यवस्था मुळातच वेगळ्या तत्त्वावर उभी आहे, आणि तुलना केली असता आपल्या पद्धतीचे गुणदोष दोन्ही उमगतात. तेथे तीन हजारांहून अधिक काउंट्या आहेत. बहुतेक राज्यांत मतदारांची नोंद आणि मतांची मोजणी या दोन्हींचे काम काउंटीच्या कचेरीतून चालते, नियम राज्याराज्यागणिक बदलतात, आणि नॉर्थ डकोटा या राज्यात तर मतदारनोंदणीच नाही. नाव नोंदवण्याची जबाबदारी तेथे परंपरेने नागरिकावर टाकलेली आहे. आपण मात्र ते शासनाचे कर्तव्य मानले, घरोघर माणूस पाठवला, आणि बाळकुमपासून भामरागडपर्यंत एकच अर्ज, एकच नमुना आणि एकच आयोग ठेवला. गरीब व निरक्षर माणसाच्या दृष्टीने ही आपली फार मोठी मिळकत आहे. परंतु तिचा एक परिणाम असा झाला की मध्यमवर्गीय मतदार स्वस्थ बसला. कोणीतरी येईल, नाव लिहून नेईल, आणि बिऱ्हाड हलले तर नावही आपोआप मागोमाग येईल, असे तो धरून चालू लागला. नाव आपोआप येत नाही.

निकाल मतदारसंघाचा जाहीर होतो, पण तो घडतो केंद्राकेंद्रावर. मतदान संपले की प्रत्येक केंद्राचा अध्यक्ष किती मते नोंदली गेली याचा हिशेब नमुना १७-क मध्ये भरून उमेदवारांच्या प्रतिनिधींना त्याची प्रत देतो. मोजणीच्या दिवशी फेरीमागून फेरी होत जाते आणि शेवटी नमुना २० या तक्त्यात प्रत्येक केंद्रावर प्रत्येक उमेदवाराला मिळालेली मते मांडली जातात. हा तक्ता सार्वजनिक असतो आणि मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. ज्याला आपल्या परिसराचा खरा कौल जाणून घ्यावयाचा असेल त्याने जिल्ह्याच्या रंगीत नकाशाऐवजी हा तक्ता आणि शेजारी मतदारयादीचा त्या केंद्राचा भाग घेऊन बसावे. गावठाणाने काय केले, मनोऱ्यांनी काय केले, कोठे रांगा लागल्या आणि कोठे केंद्र ओस पडले, हे सारे त्यात लिहिलेले असते. जिल्ह्याची बेरीज किती गोष्टी झाकून टाकते याचे उदाहरण ठाण्याइतके दुसरे नाही. २३ नोव्हेंबर २०२४ रोजी अठरापैकी सोळा जागा महायुतीला मिळाल्या, मुंब्रा-कळवा जितेंद्र आव्हाडांनी राखला आणि भिवंडी पूर्व समाजवादी पक्षाचे रईस शेख यांनी. एवढ्यावरून लढत एकतर्फी झाली असे कोणी म्हणेल. पण कोपरी-पाचपाखाडीत एकनाथ शिंदे यांचे मताधिक्य एक लाख वीस हजारांहून अधिक होते, तर त्याच जिल्ह्यात बेलापूरच्या मंदा म्हात्रे अवघ्या ३७७ मतांनी निवडून आल्या. त्याच वर्षी मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघात रवींद्र वायकर लोकसभेवर ४८ मतांनी गेले, आणि मालेगाव मध्यमध्ये विधानसभेचा निर्णय १६२ मतांनी झाला. बेलापूरची ३७७ मते म्हणजे एका मध्यम गृहसंकुलातील मतदार. ४८ मते म्हणजे त्यातील एका जिन्यावरची बिऱ्हाडे.

मते आणि जागा यांचे प्रमाणही सरळ नसते. २०२४ च्या लोकसभेत महाविकास आघाडी आणि महायुती यांना राज्यात जवळजवळ सारखीच, चव्वेचाळीस टक्क्यांच्या आसपास मते मिळाली, पण जागा मात्र तीस आणि सतरा अशा पडल्या, व एक अपक्षाकडे गेली. सहा महिन्यांनी विधानसभेत महायुतीतील तीन मुख्य पक्षांनी २८८ पैकी २३० जागा जिंकल्या. त्यांची मते निम्म्याच्या आसपासच होती. जिंकणाऱ्याला जास्तीचे एक मतही पुरते अशा आपल्या पद्धतीत हे स्वाभाविक आहे, आणि म्हणूनच कोणत्या केंद्रावर कोणाची नावे यादीत आहेत याला एवढे मोल येते.

या दोन निवडणुकांच्या मधल्या काळात राज्याची यादी सुमारे चाळीस लाखांनी वाढून नऊ कोटी सत्तर लाखांवर गेली, आणि त्यावरून मोठा वाद माजला. विरोधी पक्षांनी ही वाढ संशयास्पद ठरवली. भारत निवडणूक आयोगाने आक्षेप फेटाळून लावले. १ नोव्हेंबर २०२५ रोजी मुंबईत याच प्रश्नावर मोर्चाही निघाला. या वादाचा निवाडा येथे करण्याचे कारण नाही. पण एक गोष्ट मला आवर्जून नमूद करावीशी वाटते, ती अशी की यादीवरचा आक्षेप निकालानंतर घेण्यापेक्षा प्रारूप यादी प्रसिद्ध होते तेव्हा घेतला तर तो तपासता येतो, आणि त्या वेळी हरकती दाखल करण्यासाठी कचेरीत जाणारी माणसे सर्वच पक्षांत थोडी असतात. महापालिकांच्या निवडणुकांत या प्रश्नाला आणखी एक पदर आला. त्या निवडणुका घेणारा राज्य निवडणूक आयोग वेगळा आहे. तो विधानसभेचीच यादी घेऊन तिचे प्रभागवार तुकडे करतो, स्वतः नावे घालत वा काढत नाही. संभाव्य दुबार नावांपुढे त्याने या वेळी दोन तारे छापले. कल्याण-डोंबिवलीच्या नगरसेवकांची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये आणि ठाण्याच्या नगरसेवकांची मार्च २०२२ मध्ये संपली होती. त्यानंतर प्रशासकांच्या हाती कारभार राहून अखेर १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले, ठाण्यात १३१ आणि कल्याण-डोंबिवलीत १२२ जागांसाठी. एका प्रभागात बहुतेक ठिकाणी चार सदस्य असल्यामुळे मतदाराला एकाच वेळी चार मते द्यावयाची होती. प्रभागाची सीमा गल्लीच्या मधून जाते. यादीचा भाग चुकून शेजारच्या प्रभागात टाकला गेला तर माणूस आपल्या दारासमोरच्या उमेदवाराला मत देऊ शकत नाही.

वाचकाने करावयाचे काम थोडे आहे आणि ते निवडणूक नसतानाच करावयाचे आहे. नव्याने नाव घालण्यासाठी नमुना ६, मृताचे वा गेलेल्याचे नाव कमी करण्यासाठी नमुना ७, पत्ता बदलणे किंवा चूक दुरुस्त करणे यांसाठी नमुना ८. अठरा वर्षे पुरी होण्यासाठी पूर्वी १ जानेवारी ही एकच तारीख धरली जाई. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत, आणि सतरा वर्षांच्या मुलामुलींनाही आगाऊ अर्ज करता येतो. आपले नाव कोणी कमी करू पाहत असेल तर आपल्याला म्हणणे मांडण्याची संधी मिळालीच पाहिजे. नोंदणी अधिकाऱ्याचा हुकूम पटला नाही तर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि त्यानंतर तीस दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे अपील आहे. घरातील वृद्ध माणूस गेल्यावर त्याचे नाव कमी करण्याचा अर्ज देणे अनेकांना जिवावर येते, हे खरे; तरीही तो द्यावा, कारण ते नाव तसेच राहिले तर त्याच्या आधारे कोणी दुसराच मत देऊन जाण्याचा धोका राहतो. केंद्रस्तरीय अधिकारी दारी आले तर त्यांना आत बसवावे, पाणी द्यावे, आणि घरातल्या प्रत्येकाची नोंद त्यांच्या कागदावर ताडून पाहावी. १९५० या दूरध्वनी क्रमांकावर चौकशी करता येते. निवडणूक जाहीर झाल्यावर मात्र वेळ फार थोडा उरतो: उमेदवारी अर्ज भरण्याच्या अखेरच्या तारखेपूर्वी दहा दिवसांपर्यंत आलेलेच अर्ज त्या निवडणुकीसाठी विचारात घेतले जातात, आणि २०२४ च्या विधानसभेच्या वेळी, मतदान २० नोव्हेंबरला असताना, ही मुदत १९ ऑक्टोबरलाच संपली होती.